भोंवरा आणि भ्रम

गेल्या पंधरवड्यांतील गोष्ट. सायंकाळीं संध्या आटोपून ओसरीवर बसलों होतों, तोंच आमची धाकटी नात इंग्रजीचें पुस्तक घेऊन जवळ आली. "आजोबा, स्वर्ल, व्हर्ल, ट्वर्ल आणि एडी या चारही शब्दांपुढें माझ्या कोशांत 'गोल फिरणें' एवढाच अर्थ दिला आहे. मग इंग्रजांना चार शब्द हवेत तरी कशाला?"

मी पडलों जुना मॅट्रिक. लहानपणीं वडिलांनीं अमरकोश पाठ करून घेतलेला. पुढें छत्तीस वर्षें शाळेंत इंग्रजी व संस्कृत शिकविण्यांत गेलीं. तेव्हां संवयीप्रमाणें मीं धातूपासूनच प्रारंभ केला. पाण्याच्या भोंवऱ्याला शास्त्रज्ञ व्होर्टेक्स म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील 'वळणें' या अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि तें क्रियापद व आपला वृत् धातु एकाच कुळांतले; म्हणजे आवर्त आणि व्होर्टेक्स हे चुलतभाऊच. तसेंच संस्कृत चक्र, इंग्रजी व्हील आणि ग्रीक कुक्लोस यांचें मूळ एक. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनीं खलाशांसाठीं लिहिलेल्या आपल्या १८४८ सालच्या ग्रंथांत या ग्रीक शब्दावरून सायक्लोन हें नांव सुचविलें. ता. ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर जें 'निसर्ग' वादळ आलें, त्याला आपण चक्रीवादळ म्हटलें. तेव्हां तो शब्द नकळत आपल्या आजोळींच परत आला म्हणावयाचा!

नातीनें हें सारें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, "पण आजोबा, फरक काय?"

माझ्या पांडित्याची धाव येथें संपली. इतक्यांत माजघरांतून सौभाग्यवतीचा आवाज आला. ती ताक करीत होती. "अहो, ताक आपण घुसळतों, पण आमटी ढवळतों. फुगडींत मुली गरगर फिरतात, नाचतांना मात्र गिरकी घेतात. उदबत्तीचा धूर वळसे घेत वर जातो, आणि उन्हांतून आलें कीं माणसाला भोंवळ येते. हें सगळें गोल फिरणेंच ना? मग एकाच शब्दानें चालवा पाहूं घर!"

कोशानें जें केलें नाहीं, तें रवीनें केलें. मग आम्ही तिघांनीं मिळून शब्द लावले. व्हर्ल म्हणजे गरगर. तेथें वेग हें मर्म. ट्वर्ल म्हणजे गिरकी. बोटांत छत्रीची दांडी फिरवावी, मिशीला पीळ भरावा, तशी हलकी व हौसेची. स्वर्ल म्हणजे धुराचे किंवा कॉफींत सोडलेल्या दुधाचे वळसे. फिरणें आहे, पण वाहत वाहत. स्पिन म्हणजे मुलांचा भोंवरा आपल्याच आरेवर फिरतो तसें. आणि या शब्दाचा मूळचा अर्थ तर सूत कांतणें असा आहे.

"आणि एडी?" नातीनें विचारलें. मी कांहीं वेळ बोलूं शकलों नाहीं.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी कृष्णाकाठच्या एका गांवीं नोकरीस होतों. आठवीच्या वर्गांत एका धड्यामध्यें, नाव एडींत शिरून स्थिर राहिली, अशा अर्थाचें वाक्य आलें. मीं फळ्यावर लिहिलें, 'एडी म्हणजे भोंवरा'. मागच्या बाकावरील एक मुलगा उठला. नावाड्याचा मुलगा, एरवीं तो फारसा बोलत नसे. म्हणाला, "गुरुजी, भोंवऱ्यांत नाव स्थिर कशी राहील? भोंवरा खालीं ओढतो. पण मोठ्या खडकाच्या आडोशाला पाणी उलटें फिरतें, तिथें आमचे वडील नाव विसाव्याला लावतात. तें असेल."

वर्गांत हंशा पिकला. मला तो माझा उपमर्द वाटला. "कोशापेक्षां तुला अधिक कळतें काय?" असें म्हणून मीं त्याला तासभर बाकावर उभें केलें.

मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. प्रवाह खडकाला अडून दोन्ही बाजूंनीं निसटतो. खडकाच्या मागें जी पोकळी राहूं पाहते, ती भरण्यासाठीं खालचें पाणी उलट वर येतें. मुख्य ओघाच्या विरुद्ध वळणारें हें पाणी म्हणजेच एडी. पुढें एका पावसाळ्यांत घाटावर उभा असतांना मीं हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. ओघ धांवत होता आणि खडकामागें वाळलेलीं पानें सावकाश उलटीं फिरत होतीं. पण तोंपर्यंत तो मुलगा शाळा सोडून गेला होता. त्या तासानंतर त्यानें माझ्या वर्गांत पुन्हा कधीं हात वर केला नाहीं. पुढें नदीवर पूल झाला, नाव बंद पडली, आणि तें कुटुंबही गांव सोडून गेलें. 'तुझें बरोबर होतें' हे तीन शब्द त्याला सांगावयाचे माझ्याकडून राहिले ते राहिलेच.

आवर्त म्हणजे पाण्याचा भ्रम, असें अमरकोशांत आहे. भ्रम म्हणजे गोल फिरणें, आणि भ्रम म्हणजे खोटी समजूतही. भोंवरा आणि भोंवळ हे शब्दही त्याच घरचे. आठव्या वर्षीं पाठ केलेला तो शब्द मीं आयुष्यभर पाण्याकडे बोट दाखवून शिकविला. माझ्याकडे बोट दाखवावयाचें मात्र सुचलें नाहीं.

घरांतलें मूल दोन शब्दांतील भेद विचारूं लागलें, तर 'दोन्ही एकच' असें म्हणून वडील माणसांनीं त्याला बसवूं नये, एवढीच वाचकांस विनंति. तो भेद पुष्कळदां कोशांत नसतो. चुलीपाशीं किंवा नदीकांठीं असतो.

नातीला मीं एडीचा अर्थ खडक, पाणी आणि नाव यांसह समजावून दिला. तिनें तो वहींत उतरून घेतला व विचारलें, "आजोबा, हें तुम्हांला कोणत्या पुस्तकांत मिळालें?"

मीं सांगितलें, "पुस्तकांत नाहीं, बाळ. माझ्या एका विद्यार्थ्यानें मला शिकविलें." आणि नंतर, बाकाची गोष्टही सांगितली.