उल्लेखनीय कोण?

स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाची प्रकरणे माझ्याकडे होती, त्या काळातील एक वृद्ध गृहस्थ मला आजही आठवतात. केंद्राच्या या योजनेत कारावासाच्या आधारे अर्ज करणाऱ्यास सर्वसाधारणपणे किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा पुरावा द्यावा लागे. "तुरुंगाचे रजिस्टर वाळवीने खाल्ले, यात माझा काय दोष, साहेब?" त्यांनी विचारले. माझ्या कार्यालयाच्या टिप्पणीत तोवर 'अपात्र' हा शब्द पडला होता.

विकिपीडियावर कोणाचे चरित्र असावे हे ठरवणाऱ्या स्वयंसेवी संपादकांपुढेही हाच पेच असतो. तेथील कसोटीला 'उल्लेखनीयता' म्हणतात. विषयाशी हितसंबंध नसलेल्या विश्वासार्ह स्रोतांनी त्या व्यक्तीविषयी पुरेसे लिहिलेले असावे, हा तिचा गाभा. नियम योग्यच आहे. तो नसता तर ज्ञानकोशाचे आत्मस्तुतीचे फलक व्हायला वेळ लागला नसता. पण ही कसोटी थोरवी मोजत नाही, थोरवीची नोंद मोजते, हे विसरून चालणार नाही.

मे २०१८ मध्ये कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला. कारण दिले होते अपुऱ्या स्रोतांचे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल जाहीर झाले. मेरी क्युरी (१९०३) आणि मारिया गेपर्ट-मायर (१९६३) यांच्यानंतर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या केवळ तिसऱ्या महिला. ज्या लेसर-संशोधनासाठी ते मिळाले, ते १९८५ सालचे. त्यांचे कार्य मे महिन्यातही तेवढेच मोठे होते. वृत्तपत्रांनी मात्र त्याची दखल घेतली नव्हती.

प्रशासक म्हणून मला यातील एक बाब अधिक महत्त्वाची वाटते. विद्वानांसाठी विकिपीडियाचे वेगळे निकषही आहेत. मोठ्या विद्वत्संस्थेचे सर्वोच्च पद भूषवणे हा त्यांपैकी एक, आणि स्ट्रिकलंड २०१३ मध्ये अमेरिकेतील ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे दार नियमातच होते. ते उघडून पाहिले गेले नाही.

आमच्या योजनेतही असे दार होते. तुरुंगाचे अभिलेख उपलब्ध नसल्यास सहबंद्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरण्याची तरतूद होती. ती त्या गृहस्थांना कोणीच सांगितली नव्हती. मी सांगितली, काही महिन्यांनी एका सहबंद्याचे प्रमाणपत्र घेऊन ते परत आले.

ज्यांची नोंद समाजाने नीट ठेवली नाही, त्यांत स्त्रिया, खेड्यातील माणसे आणि मागे राहून काम करणारे अधिक असतात. त्यांच्यासाठी नियम मोडायला नको; पण तो शेवटच्या परंतुकापर्यंत वाचायला हवा. आणि नकार द्यावाच लागला तर 'अपात्र' असे न लिहिता 'पुरावा अपुरा. अमुक मिळाल्यास पुन्हा सादर करावे' असे लिहावे. पहिल्या शब्दाने माणसाचा निकाल लागतो. दुसऱ्याने केवळ कागदाचा.