दुसऱ्या अंतऱ्यातला कावळा

विरहगीताचं ध्रुवपद सुचतं. पहिला अंतरा त्याच्या मागोमाग येतो. शेवटच्याला भेटीची आस असते, म्हणून तोही उभा राहतो. घोडं अडतं ते मधल्यापाशी. वाट पाहणाऱ्याच्या घरी काही घडतच नाही, मग दुसऱ्या अंतऱ्यात त्याने करायचं काय? आपण सगळेच तिथे चांदणं आणतो, श्रावण आणतो, सुकलेला गजरा आणतो. मात्रा भरतात.

माझे संगीतकार अशा ओळीसमोर समासात पेन्सिलीने नुसता 'भ' काढायचे. भ म्हणजे भरती. आणि मग मधल्या अंतऱ्याची चाल अशी वर न्यायचे, की माझे पोकळ शब्द कुणाला ऐकूच जाऊ नयेत. दाद मात्र मी घेत आलो. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

पंचवटीत राहणाऱ्याची मधल्या अंतऱ्याच्या प्रश्नातून सुटका नाही. विरहाची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या सीतागुंफेपासून सुरू होते, असा आम्हा नाशिककरांचा ताठा. वाल्मीकींचा राम कदंबाला, बेलाला, अर्जुनाला सीतेचा ठावठिकाणा विचारत फिरतो. पुढे त्याला वाटेत पडलेली फुलं दिसतात, मोडलेलं धनुष्य दिसतं. १९५५-५६च्या गीतरामायणात गदिमांनी नेमकी ती फुलं उचलली. त्यांचा राम खुणा ओळखत जातो, त्यामुळे प्रत्येक अंतऱ्याला पुढचं पाऊल मिळतं. ज्ञानेश्वरांची विरहिणी तर कावळ्याला सोन्याचं आमिष दाखवते. दोघांनीही विरहाच्या हाताला काम दिलंय.

हल्लीची पोरं ट्रॅक पाठवतात त्यात मुखडा आणि एकच अंतरा. रीलला तेवढं पुरतं. "काका, दुसरा ऐकतंय कोण?" मी चिडतो. जिथे मी जन्मभर अडलो ती जागाच त्यांनी काढून टाकली, याचा खरं तर मत्सर वाटतो.

संगीतकारांवर गाणं लिहायला बसलो तेव्हा कळलं, इथे तीही युक्ती लागू पडत नाही. गेलेल्या माणसाचा माग कुठे काढणार? पण कावळा होता. रामकुंडावर दहाव्याला आम्ही सगळे त्याची विनवणी करत होतो. मुलगा म्हणाला, पेटी विकणार नाही. सून म्हणाली, नातीचं गाणं बंद करणार नाही. मी मनात म्हटलं, यापुढे भरती करणार नाही. कावळा उतरला तो शेजारच्यांच्या पिंडावर.

तो प्रसंग तसाच दुसऱ्या अंतऱ्यात घातला. फक्त एका ओळीत आठ मात्रा कमी पडत होत्या, तिथे 'गोदाकाठी' टाकलं. सायखेडकर नाट्यगृहातल्या कार्यक्रमात टाळी पडली ती बरोब्बर 'गोदाकाठी'वर. वन्स मोअरही तिथेच आला, आणि मी उठून दोनदा नमस्कार केला.