उरलेली अर्धी नोंद

तीर्थरूप आबा,


गेल्या महिन्यात कोल्हापूरला आले होते, तेव्हा दुपारी तुम्ही झोपल्यावर तुमच्या हॅम रेडिओच्या लॉगच्या वह्या काढून बसले. तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही लाल शाईने लिहिलंय, ‘कार्ड द्यायचं राहिलं’. खाली एकसष्ट कॉलसाइन आहेत. सात-आठांपुढे बरोबरची खूण, बाकीच्यांपुढे काहीच नाही. ते पान बघितल्यापासून हे पत्र मनात घोळतंय. छापायला देतेय ते एवढ्यासाठी, की अशा वह्या आणखीही घरांतल्या कपाटांत असतील आणि त्या घरांतल्या मुलामुलींनीही हे वाचावं.

कार्डं का राहिली ते मला माहीत आहे. परदेशी टपालाचा खर्च, त्यात उलट टपालासाठी रिप्लाय कूपन, आणि त्याच वर्षांत ताईचं लग्न नि माझी कॉलेजची फी. कार्डांच्या ब्यूरोमार्फत गठ्ठ्याने पाठवलं तर स्वस्त पडायचं, पण पोहोचायला वर्ष-दोन वर्षं लागायची. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण खुणा न केलेल्या त्या कॉलसाइनचं ओझं तुमच्या मनावर आहे. समोरच्याने आपल्याशी बोलल्याचा पुरावा मागितला आणि आपण दिला नाही, असं तुम्हाला अजून वाटतं.

आबा, ते कार्ड आता देता येतं. घरी बसून, एक पैसा न घालता.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात न्यूइंग्टन नावाचं गाव आहे. तिथल्या एआरआरएल या हॅम मंडळींच्या संघटनेने २००३ साली ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ सुरू केलं. जगभरातले हॅम आपापला लॉग तिथे चढवतात. सभासद व्हावं लागत नाही, खातं फुकट आहे. तुम्ही म्हणता, हातात कार्ड आल्याशिवाय संपर्काची पोच (क्यूएसएल) कसली, कॉम्प्युटरवर कुणीही काहीही लिहील. म्हणूनच हे कसं चालतं ते नीट सांगते, कारण मला स्वतःला त्यातलंच सगळ्यात जास्त आवडलं.

समोरच्याने तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते तिथे तुम्हाला दिसत नाही. तुम्ही तुमच्या वहीतलं लिहायचं, त्याने त्याच्या वहीतलं. कॉलसाइन, बँड, मोड जुळले आणि दोघांच्या वेळांत अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक नसला, तरच तो संपर्क पक्का होतो. एकमेकांची पाटी न बघता दोघांनी सोडवलेलं गणित, आणि उत्तर एकच. छापील कार्डावर तर एकाच बाजूची सही असते.

याचा दुसरा अर्थ असा, की तुमच्या त्या एकसष्टांपैकी कितीतरी जणांनी आपली अर्धी नोंद तिथे केव्हाच ठेवलेली असेल. उरलेली अर्धी जगात फक्त एकाच ठिकाणी आहे, तुमच्या लोखंडी कपाटात. त्यांतले काही आता सायलेंट की, म्हणजे दिवंगत, झाले असतील. पण जाण्याआधी त्यांनी लॉग चढवला असेल, तर त्यांच्या हातची नोंद आजही तिथे तशीच आहे.

खातं उघडायचं काम थोडं चिकाटीचं आहे, पण ८०७ वाल्व्हचा ट्रान्समीटर स्वतः जोडणाऱ्या माणसाला ते अवघड नाही. टीक्यूएसएल नावाचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि त्यातून आपल्या कॉलसाइनच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा. भारतातल्या माणसाला दोन कागदांच्या प्रती पाठवाव्या लागतात : एक डब्ल्यूपीसीचं लायसन्स, दुसरा पासपोर्टसारखा सरकारी ओळखीचा कागद. हल्ली स्कॅन करून ईमेलनेही पाठवता येतात. तिथली माणसं ते बघतात, मग प्रमाणपत्राची फाइल ईमेलने येते. ज्या कॉम्प्युटरवरून अर्ज केला त्याच कॉम्प्युटरवर ती उघडायची, कारण तुमच्या सहीची गुप्त किल्ली त्याच मशीनमध्ये तयार होऊन तिथेच राहते. तिची प्रत मी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवीन. प्रमाणपत्राचं तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ती तारीख माझ्या कॅलेंडरवर राहील.

अर्जात एक रकाना आहे, पहिल्या संपर्काच्या तारखेचा. घाईत लोक तिथे आजची तारीख टाकतात आणि मग त्याआधीच्या एकाही नोंदीवर सही होत नाही. आपल्याला तिथे १९८४ ची तारीख टाकायची आहे, तुमच्या पहिल्या वहीतल्या पहिल्या ओळीची. स्टेशनच्या माहितीत सीक्यू झोन २२, आयटीयू झोन ४१ आणि कोल्हापूरचा ग्रिड एमके७६.

आता वेळेचं. इथे मी स्वतः चुकले होते. लायसन्स मिळाल्यावर मी माझा पहिला लॉग चढवला तो आपल्या घड्याळाच्या वेळेने. तीन आठवडे रोज उघडून बघायची, एकही जुळणी नाही. कुणालाच माझा संपर्क नोंदवावासा वाटला नाही, असं वाटून मी अक्षरशः रडकुंडीला आले होते. चूक साडेपाच तासांची होती. तिथे सगळं यूटीसीत लागतं. वेळा दुरुस्त करून लॉग पुन्हा चढवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा जुळण्या आल्या होत्या.

तुमच्या पहिल्या दोन वह्या आपल्या वेळेत आहेत, तिसरीपासून तुम्ही जीएमटी लिहायला लागलात. त्यामुळे दोन वह्या बदलून घ्याव्या लागतील, आणि नुसती वेळ बदलून भागत नाही. दुसऱ्या वहीत १५ फेब्रुवारी १९८७ ची एक नोंद आहे. रात्री बारा चाळीस, ७ मेगाहर्ट्झ, मोर्स, पूर्व जर्मनीतलं वाय अक्षराने सुरू होणारं स्टेशन. तुम्ही त्याला ५९९ चा सिग्नल रिपोर्ट दिलाय, त्याने तुम्हाला ५७९ चा. यूटीसीत ती वेळ १९१० होते आणि तारीख एक दिवस मागे जाते, १४ फेब्रुवारी. तारीख तशीच राहिली तर तो माणूस तुम्हाला कधीच भेटणार नाही. ३ ऑक्टोबर १९९० ला तो देशच उरला नाही, पण किती देशांशी बोललो ते मोजणाऱ्या डीएक्ससीसी पुरस्काराच्या हिशेबात त्या काळातला संपर्क आजही धरला जातो.

त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात तुमच्या बारीक अक्षरात लिहिलंय, ‘बर्फ पडतंय म्हणाला. मी सांगितलं, आमच्याकडे शेवग्याला फुलं.’ त्याच शेवग्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत तुमची वीस मीटरची तार होती. हे लॉगबुकात जात नाही, आबा. नाव नाही, गाव नाही, ५९९ सुद्धा नाही. ही त्या व्यवस्थेतली उणीव आहे असं माझं मत आहे, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून वह्या जागच्या हलणार नाहीत. कार्डांनी भरलेले बुटांचे खोकेही हलणार नाहीत. शिवाय सायबर हल्ल्यानंतर २०२४ च्या मे महिन्यापासून जुलै लागेपर्यंत ते लॉगबुक बंद होतं, त्या दिवसांत ज्याच्या घरी वही होती तो निश्चिंत होता.

चित्राचं कार्ड हवंच असेल तर ई-क्यूएसएल नावाची दुसरी सोय आहे, पण डीएक्ससीसीसाठी ती धरत नाहीत. ते नंतर बघू.

येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते, रविवारी सकाळी पोहोचेन. लायसन्स आणि पासपोर्ट टेबलावर काढून ठेवा. प्रमाणपत्र यायला काही दिवस जातील, पण टाइप करायला आपण त्याच दिवशी सुरुवात करू. तुम्ही चष्मा लावून मोठ्याने वाचा, मी टाइप करते. ज्यांच्यापुढे खूण नाही, त्यांच्यापासून सुरू करू.

तुमची,
धाकटी