वाकडी पिन

मी इयत्ता चौथीत शिकतो. आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर आहे. तो गावाने वर्गणी काढून घेतला. माझ्या आईने खुरपणीच्या मजुरीतले पन्नास रुपये दिले होते. म्हणून तो आपल्या घरचाच आहे असे मला वाटते. त्या कॉम्प्युटरची आणि माझी ही गोष्ट आहे. सांगायला लाज वाटते, पण गुरुजी म्हणाले, "लिही. दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल."

प्रजासत्ताक दिनाच्या आधी दोन दिवस आम्ही वर्ग झाडत होतो. कॉम्प्युटरच्या टेबलाखालचा केर माझ्याकडे होता. टेबल सरकवले तेव्हा मॉनिटरची वायर ताणली. तिचे स्क्रू कोणी आवळलेले नव्हते, म्हणून ओढताच ती सीपीयूच्या मागून निघाली. केर काढून झाल्यावर मी ती परत बसवू लागलो, तर बसेना. घंटा व्हायला आली होती. मी उलटी-सुलटी करून बघितली आणि मग जोर लावला. कच्‌ असा आवाज झाला आणि वायर बसली. मी कोणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी कॉम्प्युटर सुरू केला. पालकांना दाखवायला आम्ही त्यावर झेंड्याचे चित्र रंगवले होते. बघतो तर काय! वरचा केशरी पट्टा हिरवागार. मधला पांढरा पट्टा आकाशी. खालचा हिरवा तेवढा हिरवाच. सगळी पोरं ओरडली, "गुरुजी, झेंडा बिघडला!"

गुरुजींनी विचारले, "काल याला कुणी हात लावला होता?"

माझी छाती धडधडू लागली. मी मान खाली घातली. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "तिसरीतल्या त्यानं ओल्या फडक्यानं काच पुसली होती." झाले! सगळे त्यालाच बोलू लागले. गुरुजी त्याला रागावले नाहीत, पण तो रडायला लागला. गुरुजी म्हणाले, "मॉनिटर तालुक्याला न्यावा लागेल. नवा घ्यायचा झाला तर पुन्हा वर्गणी आली." मला आईचे पन्नास रुपये आठवले.

दुपारी तिसरीतल्या त्या मुलाने खिचडी खाल्ली नाही. त्याची भरलेली ताटली बघून माझ्याही घशाखाली घास उतरेना. मी उठलो आणि गुरुजींना सगळे सांगून टाकले. गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे सकाळीच सांगितलं असतंस तर त्या पोराला रडावं लागलं नसतं. चल, आता दोघं मिळून शोधू."

आधी त्यांनी मॉनिटरचे बटण दाबले. पडद्यावर एक चौकोनी पाटी आली. तिच्यात लाल रंग चांगला लालभडक दिसत होता. गुरुजी म्हणाले, "ही पाटी मॉनिटर स्वतःच काढतो. म्हणजे मॉनिटर चांगला आहे. कॉम्प्युटरकडून येणारा लाल रंग वाटेत अडलाय."

मग त्यांनी मला पडद्यावर भिंग धरायला सांगितले. आत बारीक बारीक पट्ट्या होत्या. एक हिरवी, एक निळी आणि तिसरी काळी. ती तिसरी लाल असायला पाहिजे होती. या तिघींतूनच पडद्यावरचे सगळे रंग होतात. तिन्ही पेटल्या की पांढरा होतो. केशरी रंगात लाल पुष्कळ आणि हिरवा थोडा असतो. लाल गेला म्हणून हिरवा उरला. झेंडा हिरवा का झाला ते मला तेव्हा कळले.

गुरुजींनी कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला आणि वायर उपसली. ते म्हणाले, "असली जोडणी १९८७ साली निघाली. तिच्यात पाच-पाचच्या तीन ओळी, मिळून १५ जागा. पहिली पिन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची." बघितले तर कोपऱ्यातली पहिली पिन आडवी झोपलेली! मधल्या ओळीत एक पिन नव्हतीच. मी घाबरलो. गुरुजी हसले. म्हणाले, "ती बऱ्याच वायरींत मुळातच नसते."

त्यांनी माझ्या पेन-पेन्सिलीतले शिसे काढले. तिचे बारीक तोंड वाकड्या पिनवर बसवून हळूहळू पिन सरळ केली. "मोडली असती तर नवी वायर लागली असती," असे ते म्हणाले. वायरीचे तोंड एका बाजूला रुंद आणि एका बाजूला अरुंद असते. तसे बघून मी ती अलगद बसवली आणि दोन्ही स्क्रू बोटांनी आवळले. कॉम्प्युटर सुरू केला, आणि केशरी पट्टा परत आला!

मग मी सगळ्या वर्गासमोर उभा राहिलो. पाय लटपटत होते. मी म्हणालो, "वायर मी बिघडवली होती. ह्यानं काही केलं नाही." तो काही बोलला नाही. २६ जानेवारीला झेंड्याचे चित्र पालकांना मी दाखवणार होतो. ते काम मी गुरुजींना सांगून त्याला दिले. तेव्हा कुठे तो माझ्याकडे बघून हसला.

मित्रांनो, पडदा बिघडला तर एवढे लक्षात ठेवा.

१. पडदा काळा असेल तर आधी मॉनिटरचा दिवा लागला आहे का ते बघा.

२. "नो सिग्नल" असे आले तर मॉनिटर जागा आहे, पण त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. वायर सुटली असेल किंवा सीपीयू बंद असेल.

३. एकच रंग गेला तर आधी वायर तपासा. पण गुरुजींना विचारून.

४. वायर बसत नसेल तर जोर लावू नका. मॉनिटरचे झाकण कधीही उघडू नका.

५. "कुणी हात लावला होता?" असे विचारले तर खरे सांगा. बिघाड तिथूनच सापडतो.

एक विद्यार्थी, इयत्ता चौथी