टेकू

‘उचलणे’ आणि ‘पेलणे’ ही मराठीत दोन निराळी क्रियापदे आहेत, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. माझे तर निम्मे आयुष्य शब्दांच्या अर्थच्छटा उलगडून दाखविण्यात गेले. तरीही या दोहोंमधील अंतर मला खऱ्या अर्थाने कळले ते गेल्या पावसाळ्यात, अहिवाऱ्यातील एका अंगणात, जुन्या मोटारीखाली उताणा पडलो असताना.

अहिवारा हे छत्तीसगढमधील दुर्ग जिल्ह्यातले लहानसे नगर. भिलाईहून जामुलच्या वाटेने उत्तरेकडे निघाले की नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी लागतात आणि त्यांच्या जवळच हे गाव. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, ही माहिती पुस्तकांतून सापडते. परंतु झोतभट्टीत खनिजातील गाळ मळीच्या रूपाने वेगळा काढण्यासाठी चुनखडी लागते आणि त्या चुनखडीसाठीच नंदिनीच्या खाणी खोदल्या गेल्या, हे मला माझ्या मामांनी सांगितले. मामा १९७० साली नागपूरहून या खाणीच्या वर्कशॉपमध्ये आले आणि २००८ साली निवृत्त होईपर्यंत डंपर दुरुस्त करीत राहिले. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, म्हणजे १८५४ पर्यंत, मराठी माणसे छत्तीसगढात आली ती सुभेदारीच्या निमित्ताने. मामा आले ते पान्याच्या निमित्ताने. निवृत्तीनंतर त्यांनी अहिवाऱ्यातच घर बांधले आणि एक मारुती ८०० घेतली. बिलासपूरच्या विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून वर्षभरासाठी आल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी मामांकडे जातो.

त्या रविवारी गाडीचा सायलेन्सर खडखडत होता. त्याला लटकविणारे रबर निखळले असावे, असा माझा अंदाज होता. मामांचे गुडघे आता वाकत नाहीत. तेव्हा हे काम आपणच करावे, असे मी ठरविले. खरे सांगायचे तर, पुस्तकी माणसालाही हाताने काही करता येते, हे त्यांना दाखविण्याची हौसही त्यात होती. मामा दुपारची झोप घेत होते. मी कोठीतून तेलाचा जॅक आणला, मागच्या आसाच्या मधोमध लावला, दांडा मारीत दोन्ही मागची चाके अधांतरी केली आणि खाली शिरलो. हँडब्रेक ओढलेला होता. एवढी काळजी पुरेशी आहे, अशी माझी समजूत होती.

थोड्या वेळाने ओटीवरून मामांचा आवाज आला, “अरे, जरा बाहेर ये. चहा निवतोय.” आवाज नेहमीसारखाच होता, किंबहुना नेहमीपेक्षा सावकाश. मी सरपटत बाहेर आलो, पाठीची माती झटकली आणि उठताना आधारासाठी डिकीवर हात टेकला. गाडी वीतभर पुढे सरकली, जॅक कलला आणि गाडीचा मागचा भाग धप्पकन खाली आला. चाके जाग्यावर होती म्हणून गाडी जमिनीला टेकली नाही. पण मघाशी जिथे माझी छाती होती तिथे, आसाखाली, तो लोखंडी जॅक आडवा होऊन मातीत रुतला होता. मी स्वयंपाकघरात गेलो. चहा ठेवलेलाच नव्हता. मामींनी विचारले, “कसला चहा?”

मामांना उंबऱ्यावरूनच सारे दिसले होते. ते ओरडले असते तर मी दचकून हातपाय झाडले असते, आणि तेवढा धक्का पुरला असता. खाणीत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाने त्या क्षणी चहाची सबब शोधली. ते रागावले नाहीत; फक्त म्हणाले, “हँडब्रेक कुठली चाकं धरतो?” मला उत्तर येत नव्हते. या गाडीत हँडब्रेक धरतो ती मागची चाके, आणि मी तीच जमिनीवरून उचलली होती. पुढची चाके मोकळी होती. गाडी गिअरमध्ये नव्हती आणि चाकांना दगडही लावलेला नव्हता. शिवाय अंगणाला फाटकाकडे किंचित उतार आणि जमीन कन्हार. कन्हार म्हणजे इकडची काळी, चिकण माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि एका सरीने ती लोण्यासारखी होते. मी दांडा मारीत होतो तेव्हा गाडी वर जात होती तसा जॅकही तिरका खाली जात होता. पृथ्वी हलवून दाखवितो म्हणणाऱ्या आर्किमिडीजने आधी उभे राहायला जागा मागितली होती, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल!

संध्याकाळी शेजारचे मिस्त्री दोन लोखंडी तिकाटणी घेऊन आले. खाली पसरट पाय, वर खाचेची मान आणि उंची कमीजास्त करायला आडवी खीळ. तिला ते घोडी म्हणतात. मामांना ते ‘कका’ म्हणतात आणि मला ‘सर’. जॅककडे बोट दाखवून ते त्यांच्या छत्तीसगढीत एवढेच म्हणाले, “सर, जेक ह उठाथे, बोहय नइ.” जॅक उचलतो, वाहत नाही. ‘बोहना’ म्हणजे डोक्यावर भार घेऊन चालणे. ते ऐकताच आपला ‘वाहणे’ हा शब्द मला आठवला आणि पाठोपाठ चुंबळही आठवली.

मग त्या दोघांनी मला सारी कृती पहिल्यापासून करायला लावली. गाडी फाटकाजवळच्या सपाट सिमेंटच्या पट्टीवर घेतली. पहिला गिअर टाकला, किल्ली काढून मामींकडे दिली आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. जी चाके जमिनीवर राहणार, त्यांनाच दगड लावायचे. जॅक पत्र्याला किंवा इंजिनाच्या तेलाच्या टाकीला लावायचा नाही. आस किंवा कडेची मजबूत केलेली जागा शोधून तिथेच लावायचा. गाडी हवी तेवढीच उचलायची, दोन्ही बाजूंना घोड्या सारख्या उंचीवर लावायच्या, खीळ पूर्ण आत गेल्याचे पाहायचे आणि जॅक सावकाश सोडून भार त्यांच्यावर उतरवायचा. जॅक बाजूला करायचा नाही. तो नुसता टेकेल इतपत राहू द्यायचा. स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली आडवी सरकवायची, म्हणजे सर्व काही फसलेच तरी माणसापुरती जागा उरते. आणि शेवटी, खाली शिरण्यापूर्वी, गाडी हाताने हलवून बघायची. पडायची असेल तर ती आपण बाहेर असताना पडू दे.

मी विचारले, “घोडी नसेल तर विटा चालतील?” दोघेही एकदम ‘नाही’ म्हणाले. भिंतीत वीट चारी अंगांनी दाबली जाते आणि भार सोसते. एकाच टोकावर भार आला की ती न सांगता फुटते. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्याचेही तेच. त्यापेक्षा लाकडाचे जाड ओंडके एकाआड एक उभे-आडवे रचलेले बरे. लाकूड मोडण्यापूर्वी बहुधा करकरते, तेवढा अवधी देते. मला मामांच्या या वाक्याची गंमत वाटली होती. रात्री मात्र ते फार गंभीर वाटले. जो आधार मोडण्यापूर्वी आवाज करतो, तो अधिक भरवशाचा.

जॅकचा यात दोष नाही. पास्कालच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधातील तत्त्वावर तो चालतो. १७९५ साली ब्रामाने जलदाबयंत्राचे एकस्व घेतले, तेही याच तत्त्वावर. लहान दट्ट्यापेक्षा मोठ्या दट्ट्याचा व्यास पाचपट असेल तर जोर पंचवीसपट होतो आणि त्याची किंमत म्हणून अंतर पंचवीसपट कमी मिळते. म्हणूनच माझ्यासारख्याच्या हातांनीही साडेसहाशे किलोंची गाडी हलते. परंतु हा सारा डोलारा कोंडलेल्या तेलावर उभा असतो. ते अडविणारे रबराचे कडे झिजले किंवा झडपेत कचऱ्याचा कण अडकला की तेल मागे सरते आणि गाडी खाली येते. घोडीत सरकण्यासारखे काही नसते. तिला उचलता येत नाही, म्हणूनच तिला पेलता येते.

गोवर्धनाच्या कथेत कृष्णाने पर्वत करंगळीवर तोलला आणि गोपाळांनी खालून काठ्या टेकविल्या. त्या काठ्यांची आपण पिढ्यान्‌पिढ्या थट्टा करीत आलो; पर्वत काय काठ्यांनी उभा होता, असे म्हणतो. मामांना ही थट्टा मान्य नाही. “उचलायला एक क्षण लागला असेल,” ते म्हणाले, “पण धरायचा होता सात दिवस. वर्कशॉपमधला कोणीही माणूस काठ्या लावणारच.”

छत्तीसगढच्या भूमीशी जोडलेली एक कथा मी वर्षानुवर्षे शिकविली आहे. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि १९०१ साली त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा लिहिली. हिंदीतील आरंभीच्या कथांत तिची गणना होते. विधवेची झोपडी बळकावलेल्या जमीनदाराला ती म्हातारी चुलीसाठी नेत असलेली मातीची टोपली उचलायला हात लावण्याची विनंती करते. त्याला ती हलत नाही, आणि मग ती त्याला त्या साऱ्या जमिनीच्या भाराविषयी विचारते. मी ही अन्यायाची आणि पश्चात्तापाची कथा म्हणून शिकवीत आलो. आता तिच्या प्रश्नातला काळ मला दिसतो. टोपली एकदाच उचलायची होती. जमिनीचा भार मात्र जन्मभर वाहायचा होता.

मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले. दहा दिवस घर माणसांनी भरले होते. जो तो आम्हाला वर काढण्याची भाषा करीत होता, आणि ती खोटी नव्हती. तेराव्यानंतर सारे आपापल्या गावी परतले. त्यानंतर चौदा वर्षे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अहिवाऱ्याहून मनीऑर्डर येत राहिली. कूपनावर ‘कुशल’ या शब्दापलीकडे काही नसे. मामांनी आम्हाला उचलले, असे आमच्या घरी कधी कोणी म्हटले नाही. त्यांनी केले त्याला योग्य क्रियापद आम्हाला सापडले नव्हते, इतकेच.

अभ्यागत प्राध्यापकाचे पद हे मुळात जॅकच्या जातीचे. वर्षभर येऊन काही थोडे वर करायचे आणि दांडा सैल करून निघून जायचे. एप्रिलमध्ये मी जाईन. मामांचे गुडघे, मामींचे डोळे आणि ते घर यांना त्यानंतर टेकू कशाचा लावायचा, याचे उत्तर मजजवळ अजून नाही. रविवारच्या फेऱ्यांनी मी त्यांना थोडे उचलले असेन. पण घोडी लावल्याशिवाय जॅक सोडता येत नाही, एवढे आता मी शिकलो आहे. धाकट्या मामेभावाशी आणि मिस्त्रींशी बोलणे सुरू केले आहे.

गेल्या रविवारी सायलेन्सरचे रबर अखेर बसविले. दोन्ही घोड्या लावल्या, स्टेपनी आत सरकविली. मामा खुर्ची टाकून फाटकाशी बसले होते. मी वाकलो, तेव्हा ते म्हणाले, “आधी हलवून बघ.” मी उठलो, दोन्ही हातांनी गाडी हलविली. ती जागची हलली नाही. मग ते म्हणाले, “हं, आता जा.”