हाताने लावलेले रान



टोकियोतील मेइजी जिंगू हे शिंतो देवस्थान हाराजुकू स्थानकाला लागूनच आहे. एकीकडे दुकानांची गजबज, तर दुसरीकडे सुमारे 70 हेक्टर दाट झाडी. ती आदिम वाटते खरी, पण तिचा बहुतेक भाग शंभरेक वर्षांपूर्वी माणसांनी लावला आहे.

सम्राट मेइजी 1912 साली वारले. दफन क्योटोत झाले, म्हणून टोकियोकरांनी निदान त्यांचे देवस्थान आपल्या शहरात व्हावे असा आग्रह धरला. 1914 साली सम्राज्ञी शोकेनही गेल्या. 1920 साली दोघांच्या नावाने देवस्थानाची स्थापना झाली. शिंतो श्रद्धेत देव रानात वसतो, पण इथे तर बरीचशी शेते व माळच होता, म्हणून रान लावायचे ठरले. देशभरातून सुमारे 1 लाख झाडे आली. सुमारे 1 लाख 10 हजार तरुणांनी श्रमदान केले.

झाडे कोणती लावावीत, यावर वाद झाला. पंतप्रधान ओकुमा यांना निक्को येथील देवस्थानासारखे सरळसोट सूचिपर्णी ‘सुगी’ हवे होते. शहराच्या धुरात सुगी तगणार नाहीत, असे वनशास्त्रज्ञ सेइरोकु होंदा यांनी ठामपणे मांडले आणि ओक, शिई, कापूर अशा सदाहरित वृक्षांची निवड केली. सुरुवातीला वर पाइन राहतील, त्यांच्या सावलीत सदाहरित झाडे वाढतील आणि सुमारे दीडशे वर्षांत रान आपल्याच बियांवर नवे होत राहील, अशी आखणी होती. आखणाऱ्यांपैकी कोणालाही तिची पूर्तता दिसणार नव्हती. या देवस्थानातील सर्वांत मोठी श्रद्धा हीच म्हणावी लागेल.

12 मीटर उंच लाकडी ‘तोरी’ कमानीखाली भाविक किंचित वाकतात आणि खडीच्या वाटेने आत जातात. वाटेवरची पाने झाडून पुन्हा झाडांच्या बुंध्याशी टाकली जातात. कोकणातल्या देवराईतूनही वाळकी फांदी बाहेर नेत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. पुढे पाण्याच्या कुंडापाशी आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, नंतर चूळ भरायची. मंदिरासमोर दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एक नमस्कार.

1945 च्या हवाई हल्ल्यात मुख्य मंदिर जळाले. रान मात्र वाचले. मंदिर 1958 साली पुन्हा उभे राहिले, त्यामुळे आज देवघरापेक्षा भोवतालची झाडेच वडीलधारी आहेत.