काचेखालची ऊब



पार्श्वनाथ भगवंतांच्या मूर्तीवरची नागफणा लहानपणापासून पाहत आले, पण खरा साप घरात राहायला येईल असं कधी वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नातवाने बॉल पायथन आणला. मी रागावले, तर म्हणाला, "आजी, आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हा मूळचा आफ्रिकेतला, परिवेश पोर्टलवर याची रीतसर नोंद आहे." कागद मी स्वतः वाचले. बी.कॉम. झालेल्या बाईला त्याशिवाय चैन पडत नाही. त्याचं खाणं मला आजही सोसत नाही, त्या दिवशी मी देरासरात जास्त वेळ बसते. पण जीव घरात आला, की जबाबदारीही आलीच.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. नातू परीक्षेला पुण्याला गेलेला. वसईत त्या दिवसांत पहाटे गारवा असतो. काचेच्या पेटीखाली हीट मॅट होती, तरी मला वाटलं, खालून गार लागत असेल. म्हणून जुनी गोधडी घडी करून पेटीखाली सरकवली. त्या सरकवण्यात थर्मोस्टॅटचा प्रोब जागेवरून निसटला, ते मला कळलंच नाही. प्रोब बाहेरच्या गार हवेत लोंबत राहिला, थर्मोस्टॅट समजला अजून ऊब हवी, आणि मॅट तापतच राहिली. खाली गोधडी, उष्णता जाणार कुठे? पूजा करून आले, काचेला हात लावला तर चटका बसला. आणि साप तिथेच वेटोळं करून पडलेला!

बटण बंद केलं. पोटावर लालसर डाग होता. डॉक्टरांनी मलम दिलं, दोन काती टाकल्यावर डाग गेला. पण मला कितीतरी रात्री झोप नव्हती.

साप उठून का गेला नाही? नातवाने सांगितलं, निसर्गात ऊन वरून येतं, तापलं की साप खाली शिरतो. इथे खाली शिरावं तर आगच. पोटाखालचा चटका त्याला वेळेवर कळतोच असं नाही.

आता माझे नियम ठरलेत. मॅट पेटीच्या तळाच्या एक तृतीयांश भागालाच, म्हणजे साप हवं तेव्हा गार बाजूला जाईल. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावायचीच नाही. प्रोब घट्ट चिकटवलेला हवा आणि तो रोज पाहायचा. पेटी छोट्या पायांवर, खाली हवा खेळती. पाण्याचं भांडं गार बाजूला, वायर ओलाव्यापासून दूर. तळहाताच्या अंदाजावर विसंबायचं नाही, थर्मामीटर लावायचा. उबदार बाजू ३१-३२ अंश, गार बाजू २५-२६. सकाळ-संध्याकाळ दोन्ही आकडे वहीत लिहिते, जमाखर्चासारखे दोन रकाने करून.

कमठाच्या पंचाग्नीतल्या ओंडक्यात जळणारा नाग पार्श्वकुमारांनी ओळखला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कमठ तप करत होता, पण लाकडात जीव आहे हे त्याने पाहिलं नव्हतं. मी तर दया करायला निघाले होते, आणि मीही पाहिलं नाही. महाराजसाहेब व्याख्यानात सांगतात, आधी ज्ञान, मग दया. जयणा म्हणजे नुसतं जीव न मारणं नव्हे, तर हात लावण्याआधी नीट पाहणं.

गोधडी आता कपाटात आहे. त्या मुक्या जीवाला माझं मिच्छामि दुक्कडं.